सुकेशनी सिस्टर आणि हिरव्या चिठ्ठीची खाट

परभणीच्या या दवाखान्यात मला एकोणीस वर्षं झाली. आयाचं काम करते. नाव नर्मदाबाई, पोरीबाळी मावशी म्हणतात, आन् ज्यांना माझं तोंड मालूम हाय ते जरा लांबूनच जातात. मी बोलायला कडू हाय, ते नाकबूल करत न्हाई. पण ही गोष्ट माझी न्हाई, आमच्या सुकेशनी सिस्टरची हाय. सांगता सांगता मी मधी ईन, त्याला इलाज न्हाई.

सुकेशनी पालमकडची. बाप सिद्धोधन, शाळेत शिपाई होता. त्याला दोन वर्षं दमा दमा म्हणून दम्याच्या गोळ्या चारल्या. आडवं पडलं की घुसमटायचा, म्हणून भितीला टेकून बसायचा, पाय सुजून खांब झालेले. हृदय कमजोर झालं की फुप्फुसात पाणी भरतं, हे त्या घरात कुणाला ठाऊक? बाप गेला तवा पोरगी अकरावीला. एकदा चहा पिता पिता ती मला म्हणली, "मावशी, बाबा पाणी किती पितात आन् बाहेर किती टाकतात, हे कुणी एक दिवस जरी मोजलं असतं ना, तर कळलं असतं." तवापासून ही बाई मोजतच सुटलेली हाय.

आन् फिकीर! तिला फिकीर करायला कारण लागत न्हाई. रोज गंगाखेडहून रेल्वेनं येती. गाडीत बसली की तिला वाटतं, गॅस चालूच राहिला. मंग नवऱ्याला फोन. तो साखर कारखान्यात कामाला, बिचारा घरी जाऊन बघतो, बंद हाय म्हणून सांगतो. तरी हिचा जीव भरत न्हाई, मंग शेजारणीला फोन. मी तिला म्हणते, "बाई, तुज्या घरचा गॅस तुज्यापेक्षा शाना हाय." हसती, आन् तेवढ्यात तिला दुसरं काहीतरी आठवतं.

दोन वर्षांमागं दवाखान्यात एका नव्या औषधाची चाचणी आली. ज्यांचं हृदय एकाएकी हार खातं, श्वास कोंडतो, त्यांना आल्या आल्या तासाभरात टोचायचं औषध. नेहमीचं लघवीचं इंजेक्शन सगळ्यांनाच मिळतं, त्याच्या जोडीला हे. पण खोक्यावर नुसता नंबर. निम्म्या खोक्यांत औषध, निम्म्यांत साधं सलाईनचं पाणी. कोणत्यात काय ते डॉक्टरला ठाऊक न्हाई, सिस्टरला न्हाई, पेशंटला तर न्हाईच. पयल्यांदा ऐकलं तवा मी भांडलेच. म्हणले, मरायला टेकलेल्या माणसाला पाणी टोचता, लाज हाय का?

सुकेशनीनं मला स्टुलावर बसवलं. "मावशी, नेहमीचा इलाज कुणाचाच थांबत न्हाई. पण कुणाला काय दिलंय हे आदीच कळलं, तर ज्याला औषध दिलं त्यालाच बरं वाटायलंय असं आपले डोळे बघतात. मंग खरं कसं कळंल?" मला पटलं. सगळं न्हाई, पण पटलं.

तर अशा पेशंटच्या खाटेला हिरवी चिठ्ठी लावायची. हिरव्या चिठ्ठीच्या खाटेची लघवी कुणी फेकायची न्हाई. पॉटमधून मापाच्या बरणीत ओतायची, बरणी खाटेखाली, आन् दर तासाला सिस्टरनं आकडा वाचून लिहायचा. चार तासांत जितकी व्हायला पायजे तितकी न्हाई झाली, तर नेहमीच्या इंजेक्शनाचा डोस दुप्पट. हे आमा आयांना तीनदा शिकवलं. मी तीनदा मान डोलवली.

मागच्या हिवाळ्यातली गोष्ट. सकाळी सातला देवगाव फाट्याकडून एक जीप आली. आत मल्हारी, मेंढरं राखणारा, साठीचा गडी. त्यांची मेंढरं फाट्याजवळ कुणाच्या तरी रानात बसवलेली, खतासाठी. पहाटे तिथंच त्याचा श्वास कोंडला. जीपमधून उतरवला तवा तोंडाला फेस, ओठ निळे, छातीत पाणी उकळायलंय असा आवाज. बरोबर बायको बानूबाई आन् लेक रामप्रसाद. वॉचमननं एकालाच आत सोडलं, लेकाला. बानूबाई गठुडं घेऊन पायरीवर बसली. हातात पितळी तांब्या.

आत धावपळ. ऑक्सिजन, सुया, कार्डियोग्राम. व्यंकटराव डॉक्टर म्हणजे आमचे मोठे डॉक्टर, त्यांनी तपासून सांगितलं, हा चाचणीत बसतो. मंग चौदा पानांचा कागद, समोर कॅमेरा, मल्हारीचा अंगठा, रामप्रसादची सही. सुकेशनीनं बापलेकाला सगळं दोनदा सांगितलं. लघवीची नळी घालायची म्हणताच मल्हारीनं मास्क बाजूला सारला आन् म्हणला, "त्याच्या आदी मला खाली घ्या." मरणारालाच खाली घेतात, एवढी त्या नळीची त्याला शरम. मंग ठरलं, पॉटच द्यायचा. सुकेशनीनं रामप्रसादला बोटानं दाखवलं, हा पॉट, ही बरणी, तुमी ओता, बाकी मी बघते. त्यानं नीट मान हलवली.

आठला खोकं फोडलं, इंजेक्शन गेलं. पयल्या तासात बरणीत तीनशे मिली. सुकेशनीचा चेहरा जरा उजळला. आन् नऊला रामप्रसाद निघाला. दीडशे मेंढरं रानात शेजाऱ्याच्या भरवशावर, तो तरी काय करणार? त्यानं आईला आत बसवलं, "तू बस बापाजवळ," म्हणला, आन् गेला. त्याच टायमाला खाली दुसरा पेशंट आला, सुकेशनी तिकडं पळाली. जाता जाता बबिताला म्हणली, "दर तासाला बरणी वाच." बबिता नवी सिस्टर, तीन महिने झालेली. तिनं बरोबर तेवढंच केलं.

आता माझं ऐका. साडेनऊला मी व्हरांड्यात पुसायले, तर बानूबाई पदराखाली तांब्या झाकून मागच्या दाराकडं निघाली. पाण्याला निघाली असंल म्हणून मी दुर्लक्ष केलं. पाऊण तासानं पुन्हा. या वेळी ती माझ्या अंगावरून गेली, आन् माझं नाक लय तिखट हाय. मला कळलं. ती नवऱ्याची लघवी तांब्यात घेऊन मागं कडुलिंबाच्या बुडाला टाकायली होती. पॉट उघडा न्यायची शरम, म्हणून तांब्या. मी काय म्हणले मनात? म्हणले, बरी बाई हाय, माझं एक काम कमी केलं. माझ्या ध्यानात हिरवी चिठ्ठी आलीच न्हाई. आली असती तरी वाटलं असतं, मोजूनच टाकत असंल. चार खेपा केल्या तिनं. चारी मी बघितल्या.

बबिता दहाला बरणी बघून गेली, अकराला बघून गेली. तीनशेच. तिनं बानूबाईला विचारलं, "लघवी झाली का बाबांना?" लेकीच्या वयाच्या पोरीपुढं नवऱ्याच्या लघवीचं काय बोलायचं? बानूबाईनं मान खाली घातली, "न्हाई माय." मल्हारी गुंगीत. बबितानं लिहिलं, शून्य. पुन्हा शून्य.

बाराला दहा कमी असताना व्यंकटराव डॉक्टर आले. मी खाटेपाशीच, शेजारची चादर बदलायले. त्यांनी कागद बघितला, बीपी बघितलं, आन् कपाळाला आठ्या. सुकेशनी खालून पळत आली.

"सिस्टर, बीपी नव्वद. चार तास होत आले आन् लघवी तीनशे. हृदय साथ सोडायलंय. डोस दुप्पट करा, आन् नांदेडला बेडचं बघा."

तांब्या डोळ्यापुढं आला. चार खेपा. हिरवी चिठ्ठी माझ्या नाकापुढं लटकायली होती आन् मला ती आता दिसली.

बोलायचं ना मंग? तोंड हाय ना मला, एरवी गावाला पुरंल एवढं? पण मागच्याच महिन्यात आमा आयांच्या ठेकेदारानं विजयमाला आयाला काढलं होतं, एका सांडलेल्या पॉटपायी. बारा वर्षांची नोकरी, अर्ध्या दिवसात घरी. मला वाटलं, मी बघितलं म्हणून सांगितलं तर विचारतील, बघितलं तर थांबवलं का न्हाई? मी चादरीचं टोक गादीखाली खोचलं. पुन्हा काढलं. पुन्हा खोचलं.

सुकेशनी हलली न्हाई. तिनं मल्हारीचा पाय दाबून बघितला. "सर, जीभ बघा, कोरडी ठणठणीत. सकाळी पायात बोट रुतत होतं, आता रुतेना. छातीतला आवाज कमी हाय, आडवं झोपलंय माणूस. पाणी गेलंय सर. कुठं तरी गेलंय."

"गेलं असतं तर बरणीत दिसलं असतं."

"माणूस एक सांगायलाय आन् बरणी एक सांगायलीय."

"सिस्टर, मोजल्याशिवाय बोलू नका म्हणून तुमीच सगळ्यांच्या मागं लागता. आता मोजलंय तर ऐकेनात? मी थांबलो आन् हा गेला, तर?"

खरं होतं ते. ती बाई मापाशिवाय पाणी पीत न्हाई, आन् आज मापावरच तिचा विश्वास बसेना. मला दिसत होतं, तिला स्वतःचीच भीती वाटायली, आपलं चुकलं तर आपल्या हट्टापायी माणूस जाईल. व्यंकटराव डॉक्टर वाईट न्हाईत, त्यांच्या जागी कुणीही तेच म्हणलं असतं.

"सर, दहा मिनिटं द्या. रक्ताचा रिपोर्ट तरी येऊ द्या."

"दहा मिनिटं. बबिता, इंजेक्शन भरून ठेव."

सुकेशनी बानूबाईकडं वळली. "माय, बाबांची लघवी कुणी कुठं टाकली का?"

बानूबाईनं वर बघितलं. तीन पांढरे डगले तिच्याकडं बघायले. तिला वाटलं असंल, आपल्या हातून काय गुन्हा झाला की नवऱ्याला खाटेवरून उठवतील. "न्हाई बाई. मी कशाला हात लावू?" म्हणली. तांब्या तिच्या पायाशी होता, धुवून उपडा ठेवलेला.

मी बघायले. तिची आन् माझी नजर एक झाली. मी नजर वळवली, काय सांगू! ती भीतीनं खोटं बोलायली आन् मी भीतीनं गप्प. समोर घड्याळ होतं. काटा सरकतच होता. मनात म्हणते, आता बोलते. आता रिपोर्ट ईल, मंग बोलायची गरजच न्हाई. आता डॉक्टर स्वतःच म्हणतील राहू द्या. काय काय म्हणतं माणसाचं मन, माय! सुकेशनी लॅबला फोन करायली, तिकडून पाच मिनिटं, आणखी पाच मिनिटं. मल्हारीचं बीपी पंच्याऐंशी.

बारा वाजून दोन मिनिटं झाली. व्यंकटराव डॉक्टर म्हणले, "बस झालं." बबितानं इंजेक्शन उचललं, मल्हारीच्या हाताच्या सुईचं टोपण काढलं.

"थांब गं!" मी ओरडले. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. "देऊ नका! लघवी झालीय. लय झालीय. या बाईनं तांब्यानं नेऊन टाकलीय, लिंबाच्या बुडाला."

बबिताचा हात तिथंच थांबला. बानूबाईनं पदर तोंडात घातला आन् रडायलाच लागली. व्यंकटराव डॉक्टर भडकले, "काय बाई, सांगितलं होतं ना, हात लावायचा न्हाई?" सुकेशनीनं त्यांच्याकडं बघितलं सुद्धा न्हाई. खाली फरशीवर बसली, बानूबाईच्या गुडघ्याला गुडघा लावून.

"माय, तुमाला कुणी उठवणार न्हाई. बाबा इथंच राहणार. मला एवढंच सांगा, टाकली कामून?"

"माजा मालक हाय त्यो. त्येचं मूत तुमच्यासारख्या शिकलेल्या लेकींनी कामून उचलावं? सकाळधरनं तुमी एवढं करायलात त्येचं. मला वाटलं, तेवढं तरी माज्या हातानं." हुंदक्यात हे सगळं.

"बरोबर हाय तुमचं. आता सांगा, किती येळा नेलं?"

"चार."

"तांब्या कुठवर भरला होता?"

आन् इथं त्या बाईनं मला चाट पाडलं. जन्म शेरडं पिळण्यात आन् दूध नजरेनं मोजण्यात गेलेला. रडं थांबवलं, तांब्या उचलला, डोळे बारीक केले आन् बोट लावून दाखवायला लागली. पयल्यांदा गळ्यापत्तूर. दुसऱ्यांदा निम्म्याच्या जराक वर. तिसऱ्यांदा गळ्याला बोटभर कमी. शेवटाला निम्मा. एकदा बी अडखळली न्हाई. सुकेशनीनं तांब्यात त्या त्या खुणेपर्यंत पाणी भरलं, मापाच्या बरणीत ओतलं. सातशे, साडेचारशे, साडेसहाशे, चारशे. व्यंकटराव डॉक्टर पुढं वाकून बघायले. बावीसशे मिली, आन् बरणीतले तीनशे वेगळे. अडीच लिटर पाणी गेलं होतं त्या माणसाच्या अंगातून. तो सुकला होता, म्हणून बीपी पडायलं होतं, आन् आमी त्याला आणखी सुकवायला निघालो होतो.

तेवढ्यात लॅबचा फोन. रक्तातलं पोटॅशियम पार तळाला. डॉक्टर मटकन स्टुलावर बसले. म्हणले, "तो डोस गेला असता तर ठोका चुकून हृदय बंदच पडलं असतं." मंग उठले, स्वतः सलाईन लावलं, सावकाश, थेंबाथेंबानं, कारण जास्त गेलं तर पुन्हा फुप्फुसात भरायची भीती. पोटॅशियम चढवलं. तीनपर्यंत कुणी जेवलं न्हाई. सुकेशनी दर दहा मिनिटांनी बीपी घ्यायली, अठ्ठ्याऐंशी, ब्याण्णव, पुन्हा अठ्ठ्याऐंशी. प्रत्येक आकड्याला तिचा जीव वर-खाली. साडेतीनला एकशेचार झालं. मल्हारीनं डोळे उघडले आन् विचारलं, "मेंढरं कुठं हायत?" बबिता हसता हसता रडली.

त्याला नवं औषध मिळालं होतं का नुसतं पाणी, ते आजवर कुणाला ठाऊक न्हाई. चाचणी संपल्यावर सगळी खोकी एकदम उघडतील, तवा कळंल.

संध्याकाळी डॉक्टर म्हणले, "सिस्टर, अडीच हजार लिहून टाका. मोजलंच आहे आपण."

सुकेशनी म्हणली, "न्हाई सर. ते पाणी मोजलं आपण. लघवी तीनशे मोजली. बाकी टाकली गेली, अंदाज हाय, तसंच लिहिते."

"मंग याची नोंद चाचणीत धरतील का न धरतील. वर चूक कुणाची, ते कारण लिहावं लागंल. नातेवाइकांना समजलं न्हाई, असं लिहा."

तिनं पेन उचललं. मी जवळ उभी, जीव टांगणीला. तिनं लिहिलं ते मला वाचून दाखवलं. रुग्णाजवळ बसणाऱ्या बाईला आपण आत घेतलं न्हाई आन् काही सांगितलं न्हाई. चौदा पानं ज्यांना वाचून दाखवली ते दोघं, आन् पॉट उचलणारी तिसरीच. चूक माझी, सुकेशनी, म्हणून खाली सही.

मंग तिनं माझ्याकडं बघितलं. "मावशी, तुमाला कवा ध्यानात आलं? टाइम लिहायचाय."

माझ्या तोंडात होतं, बाराला दहा कमी असताना. अगदी जिभेवर. पण मी म्हणले, "तवाच की. ओरडले तवाच आठवलं बघ एकदम."

तिनं लिहिलं. बारा वाजून दोन मिनिटांनी आया नर्मदाबाई यांच्या लक्षात आलं आन् त्यांनी तत्काळ सांगितलं, त्यामुळं डोस थांबला. जी बाई बावीसशे मिलीचा अंदाज खरा म्हणून लिहीना, तिनं माझं वाक्य जसंच्या तसं उतरवून घेतलं. विचारलं सुद्धा न्हाई दुसऱ्यांदा. ठेकेदारानं मला काढलं न्हाई, उलट दवाखान्यानं सगळ्यांपुढं नाव घेतलं.

तवापासून पेशंटजवळ जो बसणार, त्यालाच सुकेशनी आदी सांगती, मंग सह्या. आन् नव्या आया आल्या की मला पुढं करती. म्हणती, "मावशींकडून शिका. बघितलं की तिथल्या तिथं सांगायचं." मी चुंबळीसारखी आकसून उभी राहते. तिला वाटतं, मावशी लाजायली.

तिसाव्या दिवशी मल्हारी तपासणीला आला. स्टँडवरून पायी आला, मधी एकदाच बसला म्हणे. बानूबाई मागं. तिला सुकेशनीनं सगळं सांगितलं होतं, कोण ओरडलं, कशामुळं सुई थांबली. ती व्हरांड्यात मला शोधत आली. मी फडकं टाकून उठले, म्हणले, अगं राहू दे, राहू दे.

"तुमी येळेला बोललात, म्हणून माजं कुंकू राहिलं," ती म्हणली, आन् माझ्या पायावर वाकली. सुकेशनी दारात उभी राहून बघायली, डोळ्यात पाणी. सांगायला तीच येळ होती. बारा मिनिटं मी ठाऊक असून गप्प होते, एवढंच तर म्हणायचं होतं.

मी तिला वाकू दिलं.